पाच तुकड्यांतलं नमन : एका जुन्या चित्रीकरणाला अक्षरं लावताना

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या नमनाचं, म्हणजे शिमग्यात होणाऱ्या लोकनाट्याच्या खेळाचं, एकच चित्रीकरण आज शिल्लक आहे. २०१४च्या शिमग्यात, पालखी बसते त्या सहाणेसमोर हँडीकॅमवर घेतलेलं. त्यात थोरले काका संकासूर, म्हणजे खेळातलं हसवणारं सोंग झालेत आणि धाकटे काका मृदंगावर आहेत. थोरले काका २०१९मध्ये गेले. मूळ फाईल चुलतभावाच्या चिपळूणच्या घरी एका हार्ड डिस्कमध्ये होती. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा ती डिस्क, कॅमेरा आणि लग्नाचे अल्बम कपाटाच्या खालच्याच खणात होते. घरातला चिखल काढण्यातच आठवडा गेला. डिस्क पुन्हा चालू झाली नाही.

उरलं ते यूट्यूबवरचं. भावाच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, शाळेत असताना ते चढवलं होतं. खात्याला फोन नंबर जोडून पडताळणी केलेली नसेल, तर यूट्यूब १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ घेत नाही. म्हणून त्याने ६८ मिनिटांचं नमन कापून पाच तुकडे केले. कुठला शब्द तुटू नये म्हणून प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आधीच्या तुकड्याचे शेवटचे काही सेकंद पुन्हा घेतले. पंधरा वर्षांच्या पोराने ही काळजी घेतली, याचं मला आजही कौतुक वाटतं. तीच काळजी पुढे आम्हाला कोड्यात टाकणार होती.

यंदाच्या शिमग्याला चाकरमानी गावी येतील, तेव्हा सभामंडपातल्या टीव्हीवर हे नमन सगळ्यांना दाखवायचं, असं घरात ठरलं. वाडीत रेंज नाही, त्यामुळे थेट यूट्यूबवरून लावणं शक्य नव्हतं. धाकटे काका आता ८० वर्षांचे आहेत, त्यांना फार कमी ऐकू येतं. मुंबईत वाढलेल्या नातवंडांना आमची बोली अर्धीच कळते. म्हणजे फाईल हातात हवी आणि पडद्यावर अक्षरंही हवीत. मी तालुक्याच्या गावी संगणक शिकवते, म्हणून काम माझ्याकडे आलं. हाताशी पाच आठवड्यांच्या संध्याकाळी होत्या. खर्च करायचा नव्हता, आणि तो करावाही लागला नाही.

आधी हक्काचं

कोणी मला "व्हिडिओ उतरवून दे" म्हटलं की मी पहिल्यांदा विचारते, तो कोणाचा आहे? यूट्यूबच्या अटींनुसार त्यांनी स्वतः सोय दिलेली नसेल किंवा परवानगी नसेल, तर व्हिडिओ उतरवून घेता येत नाही. स्वतःच्या खात्यावरच्या व्हिडिओसाठी सरळ वाटा आहेत. यूट्यूब स्टुडिओमधून एमपी४ प्रत मिळते. गुगल टेकआउटमधून आपले सगळे व्हिडिओ एकदम मागवता येतात. तुमचं खातं चालू असेल तर दुसरीकडे कुठेही जाऊ नका.

आमचं खातं बंद कुलपात होतं. पासवर्ड आठवत नव्हता, जोडलेला ईमेलही त्याच काळातला. खातं परत मिळवण्याचे दोन प्रयत्न फसले. पाचही व्हिडिओ 'अनलिस्टेड' होते, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसणारे. त्या लिंका घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अनेक वर्षांपूर्वीच्या निरोपांत सापडल्या. चित्रीकरण आमचं, चढवणारा आमचाच मुलगा. तरी मी मंडळात विचारलं आणि त्या खेळातल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन आले. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात प्रयोग करणाऱ्या कलाकाराचाही हक्क मानलेला आहे, आणि तो प्रयोगाच्या पुढल्या वर्षापासून ५० वर्षं टिकतो. कॅमेरा आपला होता म्हणून राधा झालेल्या माणसाचं नाचणं आपलं होत नाही. एका घरी मला चहाबरोबर त्याच रात्रीचे तीन फोटोही मिळाले.

हिरवी बटणं

मी अजून परवानग्या घेत फिरत होते, तेवढ्यात भाच्याने मुंबईत घाई केली. फुकट डाउनलोडर शोधला, पहिलं आलेलं संकेतस्थळ उघडलं. पानावर तीन मोठी हिरवी बटणं, तिन्हींवर 'डाउनलोड'. त्यातलं एकही खरं नव्हतं. एका बटणाने ब्राउझरमध्ये सूचना दाखवायची परवानगी मागितली, त्याने 'अलाउ' दाबलं. दुसऱ्याने व्हिडिओऐवजी एक इन्स्टॉल करायची फाईल उतरवली. सुदैवाने ती त्याने उघडली नाही. रात्रभर त्याच्या पडद्यावर "तुमचा संगणक धोक्यात आहे" अशा पाट्या येत होत्या. फोनवर बसून आम्ही ब्राउझरच्या सेटिंगमधून ती परवानगी काढली, ती फाईल पुसली, विंडोजचं स्वतःचं स्कॅन चालवलं.

खुणा सोप्या आहेत. व्हिडिओ मागितला आणि इन्स्टॉल करायची फाईल आली, तर ती उघडायची नाही. व्हिडिओ उतरवायला सूचनांची परवानगी कधीच लागत नाही.

आम्ही वापरलं ते वायटी-डीएलपी. २००६मध्ये सुरू झालेल्या यूट्यूब-डीएल या खुल्या प्रोग्रामची ही २०२१मधली फांदी. ऑक्टोबर २०२०मध्ये अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून यूट्यूब-डीएल गिटहबवरून, म्हणजे खुले प्रोग्राम ठेवायच्या संकेतस्थळावरून, काढलं गेलं होतं आणि नोव्हेंबरमध्ये परत आलं. वायटी-डीएलपीला खिडक्या-बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करावी लागते. माझ्या विद्यार्थ्यांना याची भीती वाटते, ती मला कळते. पण त्या काळ्या पडद्यावर फसवं बटण लावायला कोणाला जागाच नसते. पाचही लिंका एका टेक्स्ट फाईलमध्ये एकाखाली एक लिहिल्या आणि ती फाईल प्रोग्रामला दिली.

उतरवण्याआधी मी प्रोग्रामला फक्त यादी दाखवायला सांगितलं, कारण निम्मं पुढचं काम या यादीवर ठरतं. यूट्यूब एकाच व्हिडिओच्या अनेक प्रती ठेवतं, आणि मोठ्या प्रतींत चित्र वेगळं, आवाज वेगळा असतो. एमपी४, वेबएम, एमकेव्ही हे नुसते डबे. डब्यात भाजी कोणती, ते कोडेकवर, म्हणजे चित्र-आवाज दाबून साठवायच्या पद्धतीवर. चित्र एच२६४ असेल आणि आवाज एएसी असेल, तर बहुतेक जुने टीव्हीही ते खातात. व्हीपी९ आणि ओपस असेल, तर आमच्या सभामंडपातला टीव्ही नुसता 'फाईल चालत नाही' म्हणतो. यादीत १२८० बाय ७२०ची एच२६४ प्रत होती, एएसी आवाजही होता. तेच दोन्ही निवडले. एफएफएमपेग या फुकट, खुल्या प्रोग्रामने ते एका एमपी४ डब्यात भरले, आतल्या भाजीला हात न लावता. काही मिनिटांत पाचही फाईली हातात आल्या.

एफएफएमपेगची सुरुवात २०००मध्ये फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने केली. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी विकतच्या कन्व्हर्टरच्या पोटात हेच इंजिन असतं. पैसे मागणारा कन्व्हर्टर घ्यायच्या आधी हे लक्षात ठेवावं.

शब्द लिहून काढणं

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि जावाच.

आधी व्हिस्पर लावून पाहिलं. हे ओपनएआयने २०२२मध्ये खुलं केलेलं, बोलणं ऐकून लिहून देणारं मॉडेल, त्याला मराठी येते. सुरुवातीला मंडळाच्या अध्यक्षांनी केलेलं छोटं भाषण त्याने बऱ्यापैकी लिहिलं. मृदंग सुरू झाल्यावर एकच वाक्य ओळीमागून ओळ लिहीत बसलं. संकासुराच्या तोंडी तर त्याने आपल्या मनाची प्रमाण मराठी घातली. काका म्हणतात "आमी जातांव", आणि कागदावर भलतंच. तो मसुदा मी टाकून दिला.

मग सबटायटल एडिट. फुकट, खुलं, विंडोजवर चालणारं. खाली आवाजाची लाट दिसते, लाटेवर माउस ओढून ओळीची सुरुवात-शेवट ठरवायचा आणि ऐकून लिहायचं. तीन तुकडे मी केले, दोन भाच्याने. एक मिनिटाच्या संवादाला मला पंधरा-वीस मिनिटं लागायची. गणाच्या ओळी मला पाठ होत्या, गवळणीच्या आईने सांगितल्या. संकासुराचे संवाद मात्र दर वर्षी नवे असायचे. ते काकांच्या डोक्यातून त्या रात्री आलेले, परत कधी न आलेले.

ते कसे लिहायचे, यावर घरात वाद झाला. भाच्याचं म्हणणं, प्रमाण मराठीत लिहू, पोरांना कळेल. मला ते पटेना. काका 'डोला' म्हणतात, 'डोळा' नाही. 'बापूस' म्हणतात, 'वडील' नाही. ते बदललं तर पडद्यावर काका दिसतील आणि बोलेल दुसराच कोणी. सबटायटल ही व्हिडिओपासून वेगळी साधी टेक्स्ट फाईल असते, याचा इथे फायदा झाला. आम्ही दोन फाईली केल्या. एक जशीच्या तशी बोलीत, दुसरी प्रमाण मराठीत. वेळा एकच, शब्द वेगळे.

दोन चुका लिहून ठेवते, कारण त्या मराठीत काम करणाऱ्यालाच भोवतात. भाच्याने त्याचे तुकडे फोनवर, मराठी कीबोर्ड लावून केले. संवादांबरोबर वेळेच्या ओळीतले आकडेही देवनागरीत पडले. माणसाला ते बरोबर दिसतात, प्रोग्रामला ती वेळ वाटतच नाही. "आत्या, फाईल उघडते पण एक अक्षर दिसत नाय," असा त्याचा फोन आला. संवादात देवनागरी आकडे खुशाल चालतात, वेळेच्या ओळीत मात्र इंग्रजीच आकडे लागतात. सबटायटलच्या एसआरटी प्रकारात सेकंदांनंतर स्वल्पविराम येतो आणि वेबव्हीटीटी प्रकारात टिंब. तेही तपासून घ्यावं.

दुसरी चूक माझी. शाळेच्या जुन्या विंडोज ७च्या संगणकावर मी फाईलमधला मजकूर नोटपॅडच्या नव्या फाईलमध्ये चिकटवून दोन शब्द सुधारले आणि जुन्याच नावाने जतन केली. तिथे नोटपॅड नवी फाईल मुळात 'अ‍ॅन्सी' प्रकारात जतन करतं, आणि त्यात देवनागरी बसत नाही. त्याने इशारा दिला होता, मी घाईत ओके दाबलं. पुन्हा उघडली तेव्हा जिथे अक्षरं होती तिथे प्रश्नचिन्हांच्या रांगा. ते परत येत नाही, अक्षरं फाईलमधून गेलेली असतात. एका अख्ख्या संध्याकाळचं काम पुन्हा केलं. जतन करताना यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीही बसते तो प्रकार, निवडलेला आहे ना, हे आता मी दर वेळी बघते. २०१९नंतरच्या विंडोज १०मध्ये नोटपॅड स्वतःहूनच यूटीएफ-८ धरतं.

अक्षरं मागे का राहतात

पाचही तुकडे पुन्हापुन्हा ऐकताना भाच्याने तेव्हा घेतलेले दुहेरी सेकंद सापडले. एकच थाप दोनदा वाजत होती. सहा, नऊ, चार आणि सात सेकंद, असे चार जोडांवर. ते मी कापले आणि तात्पुरती जोडफाईल करून तिच्यावर सबटायटल लावले. पहिला तुकडा अचूक. पुढे अक्षरं संवादाच्या मागे राहू लागली, आणि शेवटी तर संकासूर निघून गेल्यावर त्याचे संवाद येत होते.

अशा वेळी लोक सगळी फाईल मागे-पुढे सरकवत बसतात. तसं करण्याआधी तीन-चार ठिकाणी थांबून उशीर किती आहे ते वहीत लिहावं. उशीर सगळीकडे सारखाच असेल, तर सुरुवातीलाच काहीतरी कापलं किंवा वाढलं आहे. एक आकडा सगळ्या ओळींना लावला की झालं. उशीर हळूहळू, सारख्या गतीने वाढत असेल, तर भानगड फ्रेमच्या वेगाची. सेकंदाला २५ फ्रेमची फाईल २३.९७६ची समजली गेली, तर तासाभरात अडीच मिनिटांहून अधिक फरक पडतो. सबटायटल एडिटमध्ये वेग बदलायची सोय आहे. आणि उशीर पायरीपायरीने वाढत असेल, तर जोडांकडे बघायचं.

माझ्या वहीत आलं ते असं: दुसऱ्या तुकड्यात ६ सेकंद, तिसऱ्यात १५, चौथ्यात १९, पाचव्यात २६. तुकड्याच्या आत उशीर वाढत नव्हता. म्हणजे पायऱ्या. सबटायटलच्या फाईली जोडताना मी प्रत्येक तुकड्याची पूर्ण लांबी पुढे मिळवत गेले होते, आणि चित्रातून मात्र दुहेरी सेकंद काढलेले होते. सहा, मग सहा अधिक नऊ, मग चार, मग सात. आकडे तंतोतंत जुळले, तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी भाच्याला उठवून सांगितलं. प्रत्येक तुकड्याच्या ओळी निवडून तेवढे सेकंद मागे घेतल्या. दहा मिनिटांचं काम.

टीव्हीला मराठी येत नाही

सभामंडपातल्या टीव्हीवर पेनड्राइव्ह लावून पाहिलं. चित्र उत्तम. अक्षरांच्या जागी आधी चौकोन. फाईल यूटीएफ-८च्या दुसऱ्या प्रकारात, सुरुवातीच्या खुणेसह जतन केल्यावर अक्षरं दिसली, पण 'शिमगा' लिहिलेलं 'श', मग एका ठिपक्यांच्या वर्तुळावर पहिली वेलांटी, मग 'मगा' असं. जोडाक्षरं तर पाय तोडल्यासारखी. देवनागरीत अक्षरं नुसती शेजारीशेजारी ठेवून भागत नाही. वेलांटी उच्चारात नंतर येते आणि लिहिताना आधी. ती जुळवणी करणारा भाग त्या टीव्हीत नाही. ८० वर्षांच्या माणसाला असलं वाचायला देणं मला बरं वाटेना.

मग अक्षरं चित्रातच कोरायची, असं ठरलं. त्यासाठी व्हिडिओ नव्याने एन्कोड करावाच लागतो, म्हणजे पुन्हा दाबून साठवावा लागतो, आणि दर एन्कोडला दर्जा थोडा उतरतो. दुहेरी सेकंद अचूक कापायलाही एन्कोड लागतं, कारण दर्जा न गमावता कापायचं तर काही सेकंदांनी येणाऱ्या की-फ्रेमवरच, म्हणजे पूर्ण साठवलेल्या चित्रावरच, कापता येतं. माझी तात्पुरती फाईल अशीच एकदा उतरलेली होती. ती बाजूला ठेवली आणि मूळ पाच तुकड्यांपासून कापणं, जोडणं, अक्षरं कोरणं हे सगळं एफएफएमपेगच्या एकाच फेरीत केलं.

सबटायटल एडिटमधून बोलीची फाईल एएसएस प्रकारात काढली, म्हणजे अक्षराचा आकार आणि ठसा ठरवता येतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' हा मोफत फाँट घेतला, जाड, काळ्या कडेचा. ओळी दोनच, आणि छोट्या. एका ओळीत सुमारे ४२ अक्षरं हा रोमन लिपीसाठीचा नेम देवनागरीला जसाच्या तसा लागत नाही, कारण संगणक काना-मात्रा वेगळ्या मोजतो. मी टीव्हीपासून पंधरा फुटांवर बसून वाचून पाहिलं आणि त्यावर ठरवलं.

भाच्याचा आग्रह होता एच२६५चा, फाईल लहान होते म्हणून. त्याने हँडब्रेक या कन्व्हर्टरवर एक नमुना करून पाठवला. टीव्हीवर आवाज आला, चित्र आलं नाही. मी एच२६४वरच राहिले, दर्जाचा आकडा २० ठेवला (आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं) आणि माझ्या जुन्या लॅपटॉपने दीड तास घेतला. मूळ पाच तुकडे तसेच वेगळे ठेवले. एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रामने आणखी एक फाईल केली, तिच्यात बोली आणि प्रमाण मराठी असे दोन्ही पर्याय चालू-बंद करता येतात, व्हीएलसीवर बघणाऱ्यांसाठी. सगळ्याच्या तीन प्रती झाल्या. एक वाडीत, एक मुंबईत भाच्याकडे, एक ऑनलाइन साठवणीत. वाडीतली प्रत माळ्यावरच्या फळीवर आहे, खालच्या खणात नाही.

सभामंडपात

पालखी सहाणेवर बसल्यावर दुसऱ्या संध्याकाळी लावलं. साठ-सत्तर माणसं होती. धाकटे काका पुढे, टीव्हीपासून हातभर अंतरावर खुर्ची ओढून. गण झाला, गवळण झाली. संकासूर आला तशी मागची पोरं हसायला लागली, काका मात्र हसले नाहीत, वाचत होते. बोट गुडघ्यावर मृदंगाच्या तालात चाललेलं.

चौथ्या तुकड्यात एका ओळीवर त्यांनी हात वर केला. "ह्ये त्यो असा नाय बोल्ला," म्हणाले. मी थांबवलं, मागे घेतलं, पुन्हा लावलं. त्यांना आवाज जात नव्हता, ते थोरल्या काकांच्या ओठांकडे बघत होते. "दार नाय. धार. धार म्हनाला तो. सुरीची धार. त्यावर मी थाप दिली ना, ती बग."

मी लॅपटॉप उघडला. आवाज कानाला लावून तीन वेळा ऐकलं. थाप होती आणि 'ध'ही होता. दोन्ही फाईलींत ४१२वी ओळ दुरुस्त केली, यूटीएफ-८ बघून जतन केली. कोरलेली प्रत चुकीचीच राहिली होती, तिला नव्याने दीड तास लागणार होता. दुसऱ्या दिवशी मुंबईची गाडी पकडणाऱ्यांसाठी सकाळी पुन्हा लावायचं होतं. रात्री जेवणं झाल्यावर मी आज्ञा देऊन लॅपटॉप ओटीवर चालू ठेवला, आणि काका त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले, पडद्यावरचे आकडे वाढताना बघत.